वस्तीची नजर सुधारली

वस्तीत सगळे त्याला ‘विद्यापीठ’ म्हणायचे आणि विद्यापीठात सगळे ‘समुदाय’. नळाला पाणी आलं नाही की बायका दारातूनच विचारायच्या, “काय रे विद्यापीठा, सगळं पाणी तिकडेच वळवलंस वाटतं?” आणि पलीकडे, बैठकीला तो जरा उशिरा पोचला की संचालक मॅडम चष्म्यावरून बघत म्हणायच्या, “चला, समुदाय आला. आता सुरुवात करू.” हुद्द्याने तो समाजसंपर्क विभागाचा समन्वयक होता. समन्वयक म्हणजे असा मनुष्य, ज्याच्यावर दोन्ही बाजूंना निर्धास्तपणे ओरडता येतं.

वस्ती आणि विद्यापीठ यांच्यामध्ये एक भिंत होती. लहानपणी त्या भिंतीवर चढून तो आतली हिरवळ बघत बसायचा. चढायला खांदा द्यायचा दादा, त्याचा थोरला भाऊ. पुढे तो शिकला, नोकरीला लागला आणि रीतसर फाटकातून आत गेला, तेव्हा दादा म्हणाला होता, “फाटक होतं तर आधी सांगायचंस. फुकट खांदा झिजवला.”

विभागाचे उपक्रम पुष्कळ होते. भाजीची परसबाग एका उन्हाळ्यात वाळली. वाचनालयाची पुस्तकं वाचनालयाच्या कपाटातच सुरक्षित राहिली, कारण किल्ली विद्यापीठात होती. तगला तो एकच उपक्रम, डोळे तपासणीचं शिबिर. वर्षातून एकदा, वस्तीच्या सभागृहात, विद्यापीठाचे विद्यार्थी येऊन तपासणी करत. ज्याला कमी दिसतं त्याला चष्मा, ज्याचं दुखणं मोठं त्याला विद्यापीठाच्या रुग्णालयात फुकट उपचार. हेतू इतका निर्मळ होता की त्यात काही बिघडेल अशी कुणाला शंकाच आली नाही.

पहिल्या वर्षी मात्र लोक घाबरले. शाळेची पायरी अर्धवट चढलेली माणसं भिंतीवर टांगलेला अक्षरांचा तक्ता बघून परीक्षेला बसल्यासारखी घामाघूम झाली. अक्षरं दाखवणारी छडी इकडून तिकडे उड्या मारायला लागली तसा एक म्हातारा तर चक्क रडला. म्हणाला, “मला येत होतं, पण तुम्ही गोंधळवलंत.” समन्वयकाला ते फार लागलं. त्याने दोन सुधारणा केल्या. एक, तक्ता वर्षभर सभागृहातच टांगून ठेवायचा, म्हणजे लोकांची भीड चेपेल. दुसरी, शिबिरात छडी त्याने स्वतः धरायची आणि वरून खाली, डावीकडून उजवीकडे, ओळीने न्यायची. कुणाला गोंधळवायचं नाही. वार्षिक अहवालात या सुधारणांना ‘भयमुक्त दृष्टी’ असं नाव मिळालं. नाव मॅडमनी दिलं. नावं त्याच द्यायच्या.

भीड खरंच चेपली. आयांनी त्याच तक्त्यावरून पोरांना अक्षरं शिकवली. पोरांनी त्यातल्या सगळ्यात खालच्या, मुंगीएवढ्या ओळीचा खेळ केला. रिंगण धरायचं, टाळ्या द्यायच्या आणि ओरडायचं, “ग-प-ट! र-न-म! ल-फ!” ‘फ’ ज्याच्यावर येईल तो बाद. संध्याकाळी वस्तीत कुठेही जा, कोपऱ्याकोपऱ्यातून गपट रनम लफ ऐकू यायचं. मग विद्यापीठाने ठरवलं की बसचालक आणि पहारेकरी शक्यतो शेजारच्या वस्तीतूनच घ्यायचे. अट एकच, शिबिराचा दाखला. त्यानंतर तक्ता पाठ करा असं कुणाला सांगायची गरजच उरली नाही.

परिणाम असा झाला की वस्तीची नजर सुधारायला लागली. दरवर्षी थोडी थोडी. आलेखाची रेघ शहाण्या मुलासारखी वर वर जात होती. वय वाढेल तसे डोळे तेज होणारी ही जगातली बहुधा एकमेव वस्ती असावी. शिवणकाम करणाऱ्या टाकेमावशी शेजारच्या पोरांकडून सुईत दोरा ओवून घ्यायच्या, पण शिबिरात मुंगीएवढी ओळ घडाघडा वाचायच्या. “सुईवर अक्षरं नसतात ना रे,” असं वर स्पष्टीकरण द्यायच्या. सगळे हसायचे. समन्वयकही हसायचा. चार माणसं नोकरीला लागतात, मॅडमचा आलेख वर जातो, पोरांना खेळ मिळतो, यात कुणाचं घोडं मारलं?

दादा विद्यापीठाची बस चालवायचा. ही बस दुपारी वस्तीतल्या पोरांना विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत न्यायची आणि संध्याकाळी आणून सोडायची. मोठ्या रस्त्याने वळसा घालून जावं लागे. दादाच्या बसमध्ये पोरांचा आणखी एक खेळ चाले. पुढच्या बाकावर बसलेल्यांनी रस्त्यावर जे दिसेल ते मोठ्याने सांगायचं. पालकांकडून हे कानावर आलं तेव्हा समन्वयकाने अहवालात त्यावर अख्खा परिच्छेद लिहिला होता. ‘खेळातून वाहतूक शिक्षण: चालकाचा अभिनव सहभाग.’ मॅडमनी त्याखाली दोनदा रेघ ओढली होती.

मूल्यांकन समिती येण्याच्या आठवड्यात त्याची स्कूटर बंद पडली, म्हणून तो पहिल्यांदा त्या बसमध्ये बसला. मागच्या बाकावर, फाइल मांडीवर घेऊन.

“डावीकडून सायकल,” पुढून आवाज आला.

“गेली,” दुसरा.

“दिवा लाल, काका.”

बस थांबली. “हिरवा.” बस निघाली.

आधी त्याला गंमत वाटली. मग लक्षात आलं की पोरं हसत नाहीयेत. खेळताना पोरं एकमेकांकडे बघतात, चिडवतात, लबाडी करतात. ही समोर टक लावून बसली होती, आळीपाळीने, एकाने डावी बाजू, एकाने उजवी. मोठी माणसं कामावर बसतात तशी.

मोठ्या रस्त्यावर पुढच्या बाकावर खोडरबरावरून भांडण जुंपलं. “माझं आहे!” “दाखव नाव!” तेवढा वेळ कुणी काही सांगितलं नाही. बस त्याच वेगाने चालली होती. उजव्या हाताला कडेने एक म्हातारा माणूस हातगाडी ढकलत रस्त्याच्या मध्ये येत होता. समन्वयकाला तो मागच्या बाकावरून स्पष्ट दिसत होता. त्याला वाटलं, आता दादा ब्रेक मारेल. आता. आता मारेल.

“हातगाडी!” पोरं एकदम किंचाळली.

बस अशी थांबली की फाइल समन्वयकाच्या मांडीवरून उडून पुढे गेली आणि तिच्या मागोमाग तोही. हातगाडीवाला हात वर करून शिव्या देत निघून गेला. दादाने मान किंचित मागे वळवली आणि पोरांना म्हणाला, “काय रे, झोपला होतात का सगळे?”

“सॉरी काका,” पुढचा बाक म्हणाला.

पोरांनी माफी मागितली होती. आणि ती मनापासून होती.

बस आवारात लागल्यावर पोरं उतरून पळाली. दादा बादली घेऊन काचा पुसायला लागला. काच पुसताना त्याचा हात आधी चौकट चाचपत होता.

“दादा, ती हातगाडी तुला दिसली नाही.”

“दिसली की. म्हणून तर थांबलो.”

“पोरं ओरडल्यावर थांबलास.”

“तुमच्या साहेबांच्या गाडीला भोंगा असतो. माझ्या बसला पोरं आहेत.”

समन्वयकाने बाजूने हात वर केला. “किती बोटं?”

“तू जन्मलास तेव्हा पाच होती,” दादा काचेवरून नजर न हलवता म्हणाला. “नंतर विद्यापीठाने वाढवून दिली असतील तर मला कल्पना नाही.”

“मी दोनच धरली आहेत. आणि हात तुझ्या तोंडासमोर नाही, कानाशी आहे.”

दादाने फडकं पिळलं. बराच वेळ पिळलं. पाणी संपलं तरी पिळत राहिला.

“बाजूचं जात चाललंय,” तो शेवटी म्हणाला. “नळकांड्यातून बघितल्यासारखं होतं. समोरचं बरं होतं आतापर्यंत. हल्ली तेही धुरकट.”

“डॉक्टरला दाखवलंस का?”

“दरवर्षी दाखवतो. तुझ्याच शिबिरात. पास होतो.”

“दादा!”

“ओरडू नकोस. ती समिती का काय ती जाऊ दे, मग बघू. आता मध्येच सोडली तर तुझ्या मॅडम तुलाच खातील.”

दादाची ही पद्धत जुनी होती. स्वतःची अडचण तो नेहमी दुसऱ्याची काळजी म्हणून गुंडाळून द्यायचा, आणि घेणाऱ्याला वाटायचं आपल्यावर उपकार झाले.

संध्याकाळी समन्वयक दादाच्या घरी गेला. दादा बाहेर कट्ट्यावर होता. वहिनी ओट्याशी उभी राहून एका हाताने टेबल पुसत होती.

“तुम्हाला कळलं वाटतं,” ती न वळता म्हणाली. “बरं झालं. एकटीला फार जड होत होतं.”

“तुला माहीत होतं, वहिनी?”

“पाणी पेल्यात ओततात आणि पेला असतो भलतीकडे. टेबल मी पुसते, माहीत मला नसेल तर कुणाला असेल?”

“मग बोलली का नाहीस?”

“भाऊजी, मी बोलले तर बायको वैरी. तुम्ही बोललात तर भाऊ वैरी. तुम्हाला निदान ऑफिस आहे निघून जायला. मला याच खोलीत वैर करायचंय.” तिने फडकं झटकलं. “शिवाय बस सुटली की हे कोण? चाकावर बसले की यांचा आवाज बदलतो. तुम्ही कधी ऐकलाय?”

त्याने दुपारीच ऐकला होता. झोपला होतात का सगळे, असं विचारणारा तो आवाज.

“आणि पोरांचं काय?”

वहिनी पुन्हा टेबल पुसायला लागली. त्या दोघांची नातवंडंही त्याच बसने जात होती, आणि तिने त्यांना पुढच्या बाकावर बसायला बजावून ठेवलं होतं. डोळे चांगले होते त्यांचे.

दुसऱ्या दिवशी तो मॅडमच्या खोलीत गेला. मॅडम वाईट बाई नव्हत्या. खरं म्हणजे वस्तीबद्दल त्यांना मनापासून कळवळा होता. फक्त तो सादर करण्याजोग्या स्वरूपातच बाहेर पडायचा.

“मॅडम, या वर्षी तक्ता बदलू या.”

“का?”

“लोकांना पाठ झालाय.”

“पाठ?” मॅडम खुर्चीत पुढे सरकल्या. “म्हणजे ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांनाही? मग हा तर साक्षरतेचा परिणाम झाला. हे तुम्ही मला आज सांगताय?”

“साक्षरता नाही, मॅडम. न बघता म्हणतात.”

“हे बघा, साधन बदललं की तुलना बिघडते. इतक्या वर्षांचा आलेख आहे. ऐन समितीच्या तोंडावर नवा तक्ता लावला आणि रेघ खाली आली, तर आपण काय सांगणार? विद्यापीठामुळे वस्ती आंधळी झाली?” त्या हसल्या. “पुढच्या वर्षी बघू. टिपून ठेवा.”

“मॅडम, माझा दादा...”

“अगदी बरोबर! त्यांनाच पहिल्या खुर्चीत बसवायचं ठरवलंय. वस्तीतला चालक, वस्तीतल्या मुलांना ज्ञानाकडे नेणारा. समितीसमोर त्यांची तपासणी, टाळ्या, आणि लगेच त्याच बसमधून मुलं आणि समिती प्रयोगशाळेकडे. काय म्हणता?”

या जागी समन्वयकाने सांगायला हवं होतं. शब्द जिभेवर होते. पण सांगितलं तर चालकाबरोबर तो परिच्छेदही गेला, परिच्छेदाबरोबर अहवाल गेला, अहवालाबरोबर टाकेमावशी, फाटकावरचा पहारेकरी, सगळ्यांचे दाखले गेले. आणि भाऊ. भाऊ सगळ्यात आधी गेला. त्याने मूग गिळले.

“छान होईल,” तो म्हणाला.

शिबिराच्या दिवशी सभागृहात उभं राहायला जागा नव्हती. दाराशी नवा फलक लागला होता, ‘विद्यापीठ आपल्या शेजारी’. तो इतक्या घाईने लावला होता की दाराचं एक कवाड उघडेना. पहिल्या रांगेत समिती, तिच्या मागे मॅडम, त्यांच्या मागे वस्ती, आणि भिंतीला लागून पोरं, प्रयोगशाळेत जायच्या तयारीने. बाहेर बस उभी होती, धुऊन पुसून लख्ख.

समितीचे अध्यक्ष मृदू बोलणारे, जाडे, सतत मान डोलावणारे गृहस्थ होते. त्यांनी तक्त्याकडे पाहिलं आणि मान डोलावली. मग पंख्याकडे पाहिलं आणि तशीच डोलावली.

दादा इस्त्रीचा सदरा घालून खुर्चीत बसला. बसताना त्याने खुर्चीचा हात शोधला. बघणाऱ्याला वाटलं, ऐटीत बसतोय. विद्यार्थिनीने त्याच्या एका डोळ्यावर झाकण धरलं. समन्वयकाने छडी उचलली.

“चल विद्यापीठा,” दादा मोठ्याने म्हणाला, “दाखव काय शिकलास ते.” सभागृह हसलं. अध्यक्षही हसले.

वरचं मोठं अक्षर. दादाने वाचलं. दुसरी ओळ, तिसरी. छडी ओळीने चालली होती, वर्षानुवर्षं चालत आली तशी. दादाचा आवाज तोच होता, चाकावरचा. आता दोन ओळी उरल्या. मग टाळ्या. मग दादा उठणार, बाहेर जाणार, पोरं चढणार. पुढच्या बाकावर आज समिती बसणार होती.

हे त्याच्या डोक्यात आतापर्यंत आलंच नव्हतं. पाहुण्यांना पुढे बसवतात. पोरं मागे जातील. समितीतलं कुणीही ‘डावीकडून सायकल’ असं म्हणणार नव्हतं. समिती मान डोलावत बसणार होती.

शेवटच्या ओळीशी त्याचा हात थांबला. मग त्याने छडी उचलली, तक्त्याच्या कडेपलीकडे नेली आणि चुन्याच्या कोऱ्या भिंतीवर टेकवली.

“ग,” दादा म्हणाला.

त्याने छडी भिंतीवरच वीतभर सरकवली.

“प. ट.” दादा आता रंगात आला होता. “र, न, म!”

आणि मग जे व्हायचं तेच झालं. भिंतीला लागून उभ्या असलेल्या पोरांना ताल सापडला. कुणीतरी टाळी दिली, आणि अख्ख्या सभागृहाने, आयांसकट, टाकेमावशींसकट, एका सुरात ओरडून ओळ संपवली, “ल-फ!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. अध्यक्ष उभे राहिले. “वा! काय हा सहभाग!” ते मॅडमकडे वळून म्हणाले. विद्यार्थिनीने मान खाली घालून ‘उत्तम’ असं लिहिलं. छडी अजून कोऱ्या भिंतीवर टेकलेली होती आणि तिच्याकडे एकही माणूस बघत नव्हता. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं हे त्याने ऐकलं होतं, पण इथे दळणारे, खाणारे आणि टाळ्या वाजवणारे सगळे डोळे मिटूनच होते.

हे असंच संपलं असतं. छडी खाली ठेवायची, चहाला जायचं.

“दादा,” तो म्हणाला. “छडी कुठे आहे?”

“तुझ्या हातात,” दादा म्हणाला. पुन्हा हशा पिकला.

“माझ्या हातात आहे. पण टेकली कशावर आहे?”

हशा एका बाजूने विझत गेला. आधी पुढच्या रांगेचा, मग मागचा. अध्यक्षांची मान मध्येच थांबली. आता सगळे बघत होते, कोऱ्या भिंतीकडे. फक्त दादा नव्हता बघत. त्याने चेहरा समन्वयकाच्या आवाजाच्या दिशेला वळवला होता आणि तो तसाच राहिला.

“तक्त्यावर,” दादा हळूच म्हणाला. विचारल्यासारखं.

“नाही, दादा.”

दादाने डोळ्यावरचं झाकण स्वतःच बाजूला केलं. काही क्षण तो दोन्ही डोळ्यांनी समोर बघत राहिला, म्हणजे आधीपेक्षा फार काही बदललं असावं असं नाही. मग खिशातून बसची किल्ली काढली. ती कुणाकडे द्यावी हे त्याला कळेना. हात पुढे धरून तो बसून राहिला, आणि ती घ्यायला कुणीच पुढे होईना. शेवटी वहिनी गर्दीतून आली, किल्ली घेतली, दादाला उठवलं आणि बाहेर नेलं. जाताना फलकापाशी ती म्हणाली, “जपून. इथे काहीतरी नवीन उभं केलंय.” समन्वयकाकडे तिने बघितलं नाही.

“हे... हे काय होतं?” अध्यक्षांनी विचारलं.

“पडताळणी,” मॅडम एका श्वासात म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण शब्द जागेवर होते. “अंतर्गत पडताळणी. आमचा विभाग स्वतःची चूक स्वतः शोधतो.”

अध्यक्षांनी मान डोलावली. ते त्यांनी लिहूनही घेतलं.

त्या दिवशी बस निघाली नाही. समितीला मॅडमनी स्वतःच्या गाडीतून नेलं. पोरं दप्तरं घेऊन उभी होती, ती हळूहळू घरी गेली. त्यानंतर ‘पुढील व्यवस्था होईपर्यंत’ बस बंद राहिली आणि पुढील व्यवस्था पुढेच राहिली. सभागृहात आता नवा तक्ता आला; तो कुलपात असायचा. आलेखाची रेघ कड्यावरून पडल्यासारखी खाली आली. फाटकावरच्या पहारेकऱ्याला घरी पाठवलं. टाकेमावशींनी रस्ता ओलांडून पलीकडून जायला सुरुवात केली.

“पोरं मेली असती, मावशी,” त्याने एकदा त्यांना गाठून सांगितलं.

“मेली नसती. ओरडत होती ना,” मावशी म्हणाल्या. मग जरा थांबून, “आणि तुझं म्हणणं खरं असेलही. पण खरं बोलायला तुला दादाच सापडला? वर्षभर माझ्या सुईवर हसत होतास, तेव्हा खरं कुठे ठेवलं होतंस?”

तो धड इकडचा राहिला नाही, धड तिकडचा. आता वस्तीत त्याला कुणी विद्यापीठ म्हणत नव्हतं. कुणी काहीच म्हणत नव्हतं.

दादाला रुग्णालयात न्यायला मात्र वहिनीने त्यालाच निरोप पाठवला. डॉक्टरांनी दादाची हनुवटी एका यंत्रावर टेकवली आणि हातात एक बटण दिलं. कुठेही ठिपका चमकला की दाबायचं. ठिपके वाटेल तिथे चमकतात, त्यांना ओळ नसते. समन्वयक दाराशी उभा राहून ऐकत होता. बटणाचा आवाज येईल म्हणून वाट बघत होता. बराच वेळ काही नाही. मग एकदा टक्. मग पुन्हा शांतता.

दादाला बाहेर बसवून डॉक्टर त्याच्याशी बोलले. काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही; थेंब घालून, शस्त्रक्रिया करून उरलेली सांभाळायची, तीही फार नाही उरलेली.

“याची गंमत अशी की हा दुखत नाही,” डॉक्टर म्हणाले. “कडेने चोरासारखा येतो. दोन-तीन वर्षांपूर्वी कळलं असतं तर बरंच वाचलं असतं.” त्यांनी कागद वाचला. “तुम्ही भिंतीपलीकडचेच ना? तिकडे विद्यापीठाचं शिबिर असतं दरवर्षी. तिथे कधी दाखवलं नाही का यांना?”

“दाखवलं,” समन्वयक म्हणाला. “दरवर्षी. छडी मी धरत होतो.”

डॉक्टरांना ते कळलं नाही. त्यांनी पुढच्या रुग्णाला आत बोलावलं.

दादा बाहेर बाकावर बसला होता, तोंड जिन्याकडे करून. समन्वयक शेजारी बसला. काय सांगायचं ते त्याने मनात जुळवलं होतं. आधी थेंबांचं, मग शस्त्रक्रियेचं, मग आशेचं थोडं, आणि बाकीचं शेवटी.

“डॉक्टर चांगले आहेत,” त्याने सुरुवात केली. “थेंब देणार आहेत. रोज सकाळी...”

“ओळीने नको,” दादा म्हणाला. “शेवटचं सांग.”

त्याने सांगितलं.

जिन्यावरून कुणीतरी पळत खाली गेलं, तिकडे दादाने कान दिला. मग उठला. समन्वयकही उठला आणि सवयीने, इतक्या वर्षांत कधी वेळ आली नव्हती तरी सवयीने, त्याने खांदा पुढे केला.

“उजवीकडे जिना आहे, दादा. मग मोठं दार. दारात एक पायरी.”

दादाने हात पुढे केला. तो खांद्याला लागला, तिथे क्षणभर थांबला, काय आहे ते ओळखून मागे गेला. मग दुसऱ्या बाजूला चाचपत त्याने भिंत धरली आणि तिच्या कडेकडेने, पाऊल घासत, चालायला लागला. समन्वयक मागून जात राहिला. पायरी आली की पायरी म्हणत होता, वळण आलं की वळण. दादाने एकदाही ‘हो’ म्हटलं नाही. पण पायरीवर अडखळलाही नाही.